पडवीतला कॉम्प्युटर आणि जुनी जावा

१२ जानेवारी २०२१ ला ॲडोबीने जगभरातल्या कॉम्प्युटरवरचं फ्लॅश चालेनासं केलं. त्याच दिवशी मी संक्रांतीसाठी पुण्याहून हरिहरेश्वरला निघाले होते. दोन गोष्टींचा काही संबंध नव्हता. पण ताम्हिणी उतरत असताना दादाचा फोन आला, "अगं, येतेयस तर जरा पडवीतला कॉम्प्युटर बघ. टेंडर भरायला बसलो की काहीतरी लाल येतं नि पुढे जाऊच देत नाही."

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. छोटा ठेकेदार आहे. पाखाड्या, गटारं, संरक्षक भिंती, शाळेच्या खोलीवरचे पत्रे अशी कामं घेतो. वहिनी दोन खोल्या पर्यटकांना देतात. देवळाची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, त्यामुळे भरती उतरेपर्यंत लोक पडवीत बसून असतात, आणि पडवीत कॉम्प्युटर आहे. तिकिटाची प्रिंट, आधारची प्रिंट, कुणाचा पेनड्राइव्ह, कुणाच्या मुलाचा गेम, सगळं त्या एकाच डब्यावर.

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या फटी शोधते. फट सापडली की ती किती धोक्याची हे ठरवून अहवाल लिहिते. घरच्यांच्या हिशेबी मी ‘कॉम्प्युटर बघते’.

लाल पडद्याचं कारण दहा मिनिटांत सापडलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या झोपल्या, पडवीचे पत्रे उडाले, पण वहिनींनी ताडपत्रीत गुंडाळून खाटेखाली सरकवलेला कॉम्प्युटर वाचला. मग वीज यायला बरेच दिवस लागले, आणि त्या काळात मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी मेली. तारीख २००९ वर गेली. २००९ मध्ये बसलेल्या ब्राउझरला २०२० चं प्रमाणपत्र खोटं वाटणारच. श्रीवर्धनहून नवा सेल आणला, तारीख लावली, लाल गेलं. दादा खूश.

तिथेच उठले असते तर हा लेख झाला नसता. पण सवय वाईट. मी ‘प्रोग्रॅम काढा-घाला’ची यादी उघडली.

विंडोज ७, ज्याची सुरक्षा अपडेट्स जानेवारी २०२० मध्ये थांबली होती. जावा ६, दोनदा. जावा ७. जावा ८. दोन दिवसांपूर्वी मेलेलं फ्लॅश. आणि डेस्कटॉपवर ‘मराठी फॉन्ट’ नावाचं एक फोल्डर, जे काकांच्या पहिल्या कॉम्प्युटरवरून इथवर वाहत आलं होतं. टेबलाच्या खणात लाडवाचा स्टीलचा डबा होता. त्यात पाच डोंगल, प्रत्येकाला रबरबँडने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नाव आणि पिन. त्यातलं एकच दादाचं.

हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल तर प्लगइन हा शब्द कदाचित तुमच्या कानावरूनही गेला नसेल. आयफोनवर फ्लॅश कधीच चाललं नाही, अँड्रॉइडवर थोडा काळ चाललं आणि गेलं. त्यामुळे थोडं मागे जायला हवं.

१९९५ च्या सुमारास ब्राउझरला मजकूर आणि चित्रं दाखवण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं. व्हिडिओ नाही, ॲनिमेशन नाही, पीडीएफ नाही. नेटस्केपने त्यावर तोड काढली. आम्हाला जे येत नाही ते दुसऱ्या कंपनीने करावं, आम्ही पानात चौकट देतो, तुमचा प्रोग्रॅम त्या चौकटीत चालू द्या. हे प्लगइन. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ॲक्टिव्हएक्स आणलं, कल्पना तीच. सन कंपनीची जावा १९९५ पासून ‘ॲपलेट’ नावाचे छोटे प्रोग्रॅम पानात चालवू लागली. फ्लॅशचा पूर्वज १९९६ चा.

अडचण अशी की चौकट पानात दिसत असली तरी प्लगइन चालत असे कॉम्प्युटरवर, तुमच्या नावाने, तुमच्या अधिकाराने. पाहुण्याला पडवी द्यायची आणि पडवीतून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दाराला कडीच नसावी, तसं. शिवाय ब्राउझर अपडेट झाला म्हणून प्लगइन अपडेट होत नसे. त्याचं वेळापत्रक वेगळं, त्याची विचारणा करणारी खिडकी वेगळी, आणि ती खिडकी नेहमी घाईच्या वेळी यायची.

जावाने यावर कुंपण घातलं होतं. अनोळखी ॲपलेटने कुंपणाच्या आतच खेळायचं, तुमच्या फाइलींना हात लावायचा नाही, असा नियम. कल्पना खरोखर चांगली होती. ते कुंपण कसं तुटलं हे पुढे सांगते. आधी त्या फॉन्टच्या फोल्डरबद्दल, कारण मराठी माणसाची प्लगइनशी ओळख जावामुळे झाली नाही. मराठी वाचायची होती म्हणून झाली.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत ती यायला दहा-पंधरा वर्षं गेली. विंडोज एक्सपीवर ती नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करून मूळ सीडी घालावी लागे, आणि सीडी कुणाकडे असायची? त्यामुळे मराठी दैनिकांची संकेतस्थळं आपापल्या फॉन्टमध्ये चालत. एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वेगळंच काहीतरी. कुठे सांगत, फॉन्ट उतरवून घ्या. कुठे आधी एक छोटा कंट्रोल बसवून घ्या. कुठे फॉन्ट पानासोबत आपोआप येई, त्याला डायनॅमिक फॉन्ट म्हणत. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ४ सोबत त्यासाठी खास फाइल-प्रकार काढला होता. अनेक भारतीय भाषांची संकेतस्थळं त्यावर उभी होती.

काका, म्हणजे दादाचे वडील, निवृत्त झाल्यावर हौसेने हे शिकले. पेपर एसटीने दुपारी यायचा, कॉम्प्युटरवर सकाळीच दिसायचा, त्याचं त्यांना फार अप्रूप. पण पान उघडलं की आधी पिवळी पट्टी, मग इंग्रजीतला प्रश्न, मग ‘येस’. काकांनी मला शिकवलेला पहिला कॉम्प्युटर-धडा तोच होता: "काही विचारलं की येस म्हणायचं. नाहीतर मराठी दिसत नाही."

१० जानेवारी २००६ ला मायक्रोसॉफ्टने वर्षातलं दुसरं सुरक्षापत्रक काढलं, एमएस०६-००२. विषय होता पानासोबत येणारे फॉन्ट. मुद्दाम बिघडवलेला फॉन्ट असलेलं पान नुसतं उघडलं तरी हल्लेखोराला कॉम्प्युटरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येईल. तीव्रता ‘क्रिटिकल’. जुलै २००९ मध्ये त्याच फॉन्ट-यंत्रणेत पुन्हा फटी सापडल्या, जानेवारी २०१० मध्ये आणखी एक. इंग्रजी वाचकासाठी पानासोबत येणारा फॉन्ट म्हणजे सजावट. धोका वाटला तर ती सोय बंद करून टाकायची, एरियलमध्ये वाचायचं. ज्या मराठी वाचकाचा पेपर तशा फॉन्टवर चालत होता, त्याने ती सोय बंद केली तर उरायची नुसती कचऱ्यासारखी रोमन अक्षरं. एकाच पत्रकातला एकच उपाय, पण एकाला फुकट आणि दुसऱ्याला आपल्या भाषेच्या मोलाचा.

मला याचा पुरावा देता येणार नाही, पण माझं मत असं आहे की ‘येस’ म्हणायची सवय आपल्याकडे तिथे लागली. आळस किंवा अज्ञान हे कारण नव्हतं. ‘नो’ म्हटलं तर मराठी दिसत नव्हती, एवढंच.

आता जावा. २०१२ आणि २०१३ ही तिची दोन वाईट वर्षं. ओरॅकलने फेब्रुवारी २०१२ मध्ये एक फट बुजवली, पण मॅकवरची जावा ॲपल स्वतः अपडेट करत असे आणि त्यांनी ते एप्रिलमध्ये केलं. मधल्या काळात फ्लॅशबॅक नावाच्या मालवेअरने सुमारे ६ लाख मॅक धरले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी फट. पोलंडमधल्या एका संशोधकाने जावातल्या अशा फटी एप्रिलमध्येच कळवल्या होत्या, तरी तातडीचा पॅच आला ३० ऑगस्टला, हल्ले सुरू झाल्यावर. आणि जानेवारी २०१३ मध्ये तिसरी, सीव्हीई-२०१३-०४२२. तिच्यात ॲपलेट आडवाटेने जावाच्याच आतल्या, एरवी बंद असलेल्या भागांपर्यंत पोचत असे आणि तिथून पहारेकऱ्यालाच घरी पाठवत असे. पहारेकरी गेला की कुंपण असून नसून सारखं. हल्ल्याची तयार साधनं तेव्हा भाड्याने मिळत. ती भाड्याने घेणाऱ्याला यातलं काही समजण्याचीही गरज नव्हती.

तीव्रतेचा एक गुणांक असतो, शून्य ते दहा. या फटीला दहापैकी दहा मिळाले. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने सांगितलं की ब्राउझरमधली जावा बंद करा, आणि पॅच आल्यावरही सल्ला मागे घेतला नाही. पुढच्याच महिन्यात फेसबुक, ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी कबूल केलं की आपल्या काही कर्मचाऱ्यांचे कॉम्प्युटर जावातल्या फटीतून धरले गेले. ते लोक वाईट ठिकाणी गेले नव्हते. ॲप बनवणाऱ्यांच्या एका नेहमीच्या संकेतस्थळावर गेले होते आणि तेच बिघडवलेलं होतं.

दादाला हे सांगताना मी पुन्हा पुन्हा अडत होते. शेवटी तोच म्हणाला, "म्हणजे शेखाडीसारखं."

श्रीवर्धन तालुक्यात शेखाडी म्हटल्यावर पुढे काही सांगावं लागत नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स त्या किनाऱ्यावर उतरलं. पुढे टाडा न्यायालयात कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या.

"किनारा काय, होताच," दादा म्हणाला. "तिथे माल लागतो हे पण सगळ्यांना माहीत होतं. ज्यांनी बघायचं त्यांना बघू नका म्हणून सांगितलं होतं."

मी गप्प बसले, कारण मला २०१४ आठवलं.

त्यासाठी डोंगल काय ते सांगायला हवं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि डिजिटल सहीला हातच्या सहीचा दर्जा मिळाला. ही सही म्हणजे एक गुप्त किल्ली. ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या डोंगलमध्ये असते आणि नीट बनवलेल्या डोंगलमधून ती बाहेर काढता येत नाही. कागद आत जातो, सही होऊन बाहेर येतो. पण वेबपानाला डोंगलशी बोलता येत नाही. मध्ये कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे जावा ॲपलेट. आयकर विवरण डिजिटल सहीने भरायचं, भविष्य निर्वाह निधीची मालकाची कामं करायची, सरकारी टेंडर भरायचं, बहुतेक ठिकाणी तोच मार्ग होता. तर, ज्या वर्षी जग ब्राउझरमधली जावा काढत होतं, त्याच वर्षांत आपल्याकडच्या अनेक कामांसाठी ती बसवणं भाग होतं.

ओरॅकलने हळूहळू पट्टा आवळला. डिसेंबर २०१२ मध्ये जावा ७ च्या अपडेट १० सोबत सुरक्षेची एक सरकपट्टी आली. जानेवारी २०१४ च्या अपडेट ५१ ने ज्यांच्यावर ओळखीच्या संस्थेची सही नाही असे ॲपलेट थेट रोखायला सुरुवात केली. एका रात्रीत कितीतरी संकेतस्थळांची कामं अडली. खरं तर संकेतस्थळांनी आपले ॲपलेट दुरुस्त करायचे होते. काहींनी केले. बाकीच्यांनी पीडीएफ काढल्या. बाणांनी आणि लाल गोलांनी भरलेल्या: कंट्रोल पॅनेल, जावा, सिक्युरिटी, पट्टी ‘मीडियम’वर ओढा. मग इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये आमचं नाव ‘ट्रस्टेड साइट्स’मध्ये घाला. मग ॲक्टिव्हएक्सपुढच्या सगळ्या प्रश्नांना ‘एनेबल’.

२०१४ च्या उन्हाळ्यात दुपारी साडेतीनला दादाचा फोन आला होता. पाच वाजता टेंडर बंद. पडद्यावर संदेश, सुरक्षेच्या सेटिंगमुळे ॲप्लिकेशन रोखलं आहे. त्याच्या हातात ती पीडीएफ होती पण इंग्रजी, आणि त्याला काय ओढायचं ते सापडत नव्हतं. मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. सीव्हीई-२०१३-०४२२ वर ऑफिसात सादरीकरण केलं होतं मी. आणि मी फोनवर सांगितलं, "जावा उघड. सिक्युरिटी. पट्टी दिसतेय? खाली ओढ. मीडियम. ओके." काम झालं की परत वर ने, असं म्हणाले का? म्हणाले असेन. मला आठवत नाही आणि दादालाही.

टेंडर भरलं गेलं, काम मिळालं. ती पाखाडी अजून आहे. समुद्रावर जाताना मी तिच्यावरूनच उतरते.

जावाच्या सेटिंगची एक साधी मजकूर-फाइल असते. संक्रांतीच्या दिवशी मी ती उघडली. सुरक्षेच्या पातळीपुढे ‘मीडियम’ लिहिलेलं होतं. जावा ८ ने ऑगस्ट २०१४ मध्ये मीडियम हा पर्यायच काढून टाकला, त्यामुळे नव्या आवृत्तीपुरती ती ओळ निकामी होती. पण दादाने जावा ८ कधी बसवली? फोल्डरवरची तारीख २०१६ ची. म्हणजे मध्ये किमान दीड वर्ष कुंपणाचं दार माझ्या सांगण्यावरून उघडं होतं. जावा ७ च्या मोफत अपडेट्स एप्रिल २०१५ मध्येच थांबल्या होत्या.

आणि जुन्या आवृत्त्या अजून तिथे का होत्या? यात दादाची चूक नव्हती. नवी जावा बसवताना जुनी आपोआप निघत नसे, किंवा फक्त शेवटची निघे. ‘तुमची जावा आता सुरक्षित आहे’ असं वाचून लोक निर्धास्त होत आणि मागे दोन जुन्या तशाच बसलेल्या असत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर ओरॅकलला धरलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. तेव्हा जावा ८५ कोटींहून जास्त कॉम्प्युटरवर होती. पडवीतला त्यातला एक.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१४ पासून इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये जुन्या जावाला अडवायला सुरुवात केली होती. पण ‘ट्रस्टेड साइट्स’च्या यादीतल्यांना सूट. दादाच्या यादीत चौदा नावं होती. टेंडरचं एक, आणि बाकी? कुठेही काही अडलं की दादा आणि त्याच्याकडे येणारे लोक तोच पीडीएफचा मंत्र वापरत होते. एक तिकिटांची साइट. एक निकालांची. दोन अशी, जी आता अस्तित्वातच नाहीत. मेलेल्या साइटचं नाव उद्या दुसऱ्या कुणी विकत घेतलं तर दादाचा कॉम्प्युटर त्याला घरचाच माणूस समजणार होता.

क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये असली प्लगइन मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली आणि सप्टेंबरमध्ये आधारच काढून टाकला. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, फ्लॅश वगळून. त्यानंतर पीडीएफमधली ओळ बदलली, ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच उघडा’. जग पुढे गेलं की आपण जुना ब्राउझर जपून ठेवायचा.

हे फक्त आपल्याकडेच असं म्हणायचं कारण नाही. दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये स्वतःची डिजिटल सही आणि स्वतःची गुप्तलिपी काढली. ती ॲक्टिव्हएक्सवर उभी राहिली आणि बँकेपासून खरेदीपर्यंत सगळा देश एका ब्राउझरला बांधला गेला. २०१४ मध्ये एका टीव्ही मालिकेतल्या नायिकेचा कोट चीनमधल्या चाहत्यांना कोरियन दुकानांतून घेता येईना, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्षांनी तक्रार केली. त्या सरकारी प्रमाणपत्राची मक्तेदारी संपली १० डिसेंबर २०२० ला. एकवीस वर्षं. आणि चीनमध्ये दालियन इथे, १२ जानेवारीला फ्लॅश मेल्यावर रेल्वेच्या एका डेपोतलं काम अडकलं. तिथल्या लोकांनी जुनी आवृत्ती शोधून बसवली आणि काम सुरू केलं. मी ती बातमी पडवीत बसून वाचली, आणि हसू आलं नाही.

आमच्या रायगड जिल्ह्यातलं उदाहरण याहून जवळचं आहे. २७ जून २०१७ ला उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनर कुठला, कुणाचा, हे सांगणाऱ्या यंत्रणा बंद. कारण नॉटपेट्या. तो पसरला युक्रेनमधून, आणि त्याचा रस्ता होता हिशेब आणि करभरणीचं एक सॉफ्टवेअर, जे तिथल्या असंख्य कंपन्यांना वापरावंच लागे. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष घातलं. तिथे प्लगइन नव्हतं, मान्य. पण सरकारी कामासाठी लागतं म्हणून कॉम्प्युटरवर बसलेलं सॉफ्टवेअर, ज्याला कुणी ‘नको’ म्हणू शकत नाही, ते होतं.

माझ्या नोकरीतला अहवाल लिहिला असता तर मी काय लिहिलं असतं? फटी, ज्ञात, अनेक. गुण, दहापैकी दहा. उपाय, काढून टाका. पाच ओळी. गुणांकाला फट दिसते, स्टीलचा डबा दिसत नाही. डोंगलमधली किल्ली चोरता येत नाही हे खरं, पण चोरायची गरजही नसते. डोंगल लावलेलं आहे, पिन टाइप झाला आहे आणि कॉम्प्युटरवर दुसरं कुणी बसलंय, एवढं पुरतं. जानेवारी २०१२ मध्ये सिकिपॉट नावाच्या मालवेअरचा एक प्रकार उघड झाला, तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या स्मार्टकार्डांशी नेमकं हेच करायचा. पिन टिपायचा, कार्ड लावलेलं असेपर्यंत थांबायचा, मग त्या माणसाच्या नावाने आत शिरायचा.

पाच ठेकेदारांच्या कायदेशीर सह्या, पिनसकट, एका खणात. त्यावर पर्यटकांचे पेनड्राइव्ह. त्या सह्यांनी काय करता येईल? टेंडरमध्ये भलता दर भरता येईल, अनामत बुडवता येईल, कागदावर माणूस नको तिथे उभा करता येईल. आणि तो म्हणेल, मी सही केली नाही, तर त्यालाच ते सिद्ध करत बसावं लागेल.

मी रात्रभर तो कॉम्प्युटर तपासला. मालवेअर सापडलं नाही. जावाच्या जुन्या साठ्यात २०१५ मधल्या दोन फाइली होत्या, ज्यांचा टेंडरशी संबंध दिसत नव्हता. त्यांची मूळ पानं कधीच गेली होती, त्या काय करत होत्या ते मला ठरवता आलं नाही. दादाने विचारलं, "मग काही झालं नाही ना?" मी म्हणाले, "झाल्याचं दिसत नाही." तो हे ‘नाही’ असंच ऐकत होता आणि मी त्याला दुरुस्त केलं नाही. मग केलं. २०१४ ची पट्टीही सांगितली.

"ती तूच सांगितलीस खरी," तो म्हणाला. "पण नसती सांगितलीस तर मी म्हसळ्याला गेलो असतो नि तिथल्या पोराने केली असती."

हे बरोबर आहे. त्यामुळे मला बरं वाटलं असं नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या जावा काढल्या, फ्लॅश काढलं, ट्रस्टेड यादीत एकच नाव ठेवलं. ‘मराठी फॉन्ट’चं फोल्डर एका पेनड्राइव्हवर घेतलं आणि वहिनींना दिलं, काकांचं म्हणून. पर्यटकांसाठी माझा जुना लॅपटॉप ठेवला. दादाने नव्या कॉम्प्युटरचा हिशेब केला आणि म्हणाला, मार्चची बिलं निघाली की बघू. डोंगल काम झालं की काढायचं, पिन बदलायचा, चिठ्ठ्या फाडायच्या, असं ठरलं.

उरली बाकीची चार डोंगल. दादा ती ज्याची त्याला परत द्यायला निघाला, मीही मागे बसले. तीन घेतली गेली, थोडी कुरकुर झाली. चौथे गृहस्थ सत्तरीचे, अंगणात सुपारी वाळत घातलेली, एक हात लुळा. दादाने डोंगल पुढे केलं, तर त्यांनी ते हातात घेतलंच नाही.

"मला देऊन मी काय करू?" ते म्हणाले. "माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, इंग्रजी येत नाही, नि टेंडर तर तिथेच भरायचं. माझी सही तूच करतोस ना? मग तुझ्याकडेच राहू दे."

दादाने माझ्याकडे बघितलं. येताना ते डोंगल त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. डब्यात नाही ठेवलं, कपाटात ठेवलं.